काटा शंभरावर असताना

चलन आलं तेव्हा मी हिंजवडीत सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये होतो. मेसेजमध्ये गाडीचा नंबर आमच्या जीपचा, जागा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, मर्यादा १००, वेग १०५. फोटोत जीप स्पष्ट दिसत होती, मागच्या काचेवरचा बोटीचा स्टिकरसुद्धा.

माझी पहिली प्रतिक्रिया लाजेची नव्हती, संतापाची होती. कारण त्या दिवशी काटा १०५ वर होता हे मला पक्कं आठवत होतं, आणि मी तो मुद्दाम तिथे ठेवला होता. हायवेवर नियमित जाणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल: गाडीचा काटा नेहमी थोडा जास्त दाखवतो. शंभरची मर्यादा असेल तर काटा १०५ वर ठेवायचा, खरा वेग शंभरच असतो. कॉलेजपासून मी हे ऐकत आलोय आणि ते खोटं नाही. मग काटाही १०५ आणि कॅमेराही १०५, हे कसं? माझ्या डोक्यात एकच उत्तर आलं. कॅमेरा चुकलाय.

तक्रार लिहायला घेतली. इंजिनियरच्या तक्रारीत संदर्भ हवेत म्हणून वाचायला लागलो. तीन आठवडे वाचतच राहिलो आणि तक्रार राहिली बाजूला. ती का राहिली ते पुढे येईल.

आधी हा काटा आला कुठून ते सांगतो. आमच्या सातपाटीत ‘काटा’ म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, एक माशातला आणि दुसरा सोसायटीतला, वजनाचा. गाडीतला काटा तिसरा. गावात तो सगळ्यात उशिरा आला आणि त्याच्यावर सगळ्यात कमी प्रश्न विचारले गेले.

१८२४ च्या सुमारास फ्रान्समध्ये आरागो नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात एक गंमत आली. तांब्याची तबकडी गरगर फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसुई तिच्यामागे ओढली जाते. तांबं चुंबकाला चिकटत नाही, दोघांचा एकमेकांना स्पर्शही नाही, तरी ओढ आहे. ही ओढ का, ते सांगायला फॅरेडेला १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधावं लागलं. फिरत्या धातूत विजेचे छोटे भोवरे तयार होतात आणि ते चुंबकाशी झटापट करतात. वेग जितका जास्त, तितकी ओढ जास्त. बारावीच्या फिजिक्समध्ये ‘एडी करंट’ म्हणून हे दोन मार्कांना येतं. मीही दोन मार्कांपुरतंच वाचलं होतं.

पुढे १९०२ मध्ये ओटो शुल्झ या माणसाने स्ट्रासबर्गमध्ये याच ओढीवर चालणाऱ्या वेगमापकाचं पेटंट घेतलं. त्याआधी प्रयत्न झाले नव्हते असं नाही. कम्प्युटरवाल्यांचा आजोबा चार्ल्स बॅबेज १८३८-३९ मध्ये इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या डब्यात बसून कागदाच्या लांबलचक पट्टीवर गाडीचे धक्के आणि वेग नोंदवत होता. इस्ट्रियातल्या योसिप बेलुशिचने १८८८ मध्ये विजेवर चालणारा वेगमापक केला आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात मांडला. पण टिकला तो शुल्झचा. त्याची रचना इतकी साधी आहे की तुमच्या घरी जुनी चेतक किंवा प्रीमियर पद्मिनी असेल तर ती खोलून बघता येईल. चाकाकडून किंवा गिअरबॉक्सकडून एक केबल येते. केबलच्या टोकाला चुंबक फिरतो. चुंबकाभोवती अल्युमिनियमची वाटी असते, तिला काटा जोडलेला असतो आणि केसासारखी बारीक स्प्रिंग ती वाटी मागे खेचत असते. चुंबक वाटीला पुढे ओढतो, स्प्रिंग मागे, आणि या दोघांचा तह जिथे होतो तिथे काटा थांबतो. ना बॅटरी, ना चिप.

यात चुकायला जागा भरपूर. चुंबक वर्षानुवर्षांत कमजोर होतो. स्प्रिंग सैल पडते. उन्हात अल्युमिनियमचा विद्युतरोध वाढतो. केबलला ग्रीस कमी पडलं की काटा थरथरतो आणि केबल तुटली की मरतो. लहानपणी मुंबई सेंट्रलला उतरून ज्या काळ्यापिवळ्या पद्मिनींत मी बसलो, त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा काटा शून्यावर झोपलेला असायचा. भाड्याचं मीटर मात्र ठणठणीत. डाव्या बाजूला बाहेर बसवलेला तो लोखंडी डबा, ड्रायव्हर हात बाहेर काढून त्याचा झेंडा खाली पाडायचा, खर्रर्र आवाज यायचा. उतरताना मीटरवरचा आकडा वेगळा आणि द्यायचे पैसे वेगळे, मधे एक छापील कार्ड. ती मीटरं ‘फास्ट’ करून देणारेही होते, म्हणूनच पुढे सगळीकडे इलेक्ट्रॉनिक मीटरं आली. पद्मिनी टॅक्सी तर ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या.

यातला फरक बघा. ज्या मीटरवर पैसे ठरतात ते सरकार तपासतं, सील करतं, भाडं बदललं की पुन्हा जुळवून घ्यायला लावतं. सोसायटीतल्या वजनकाट्यालाही वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का लागतो. लागायलाच हवा, कारण पापलेटचा भाव माशाच्या वजनाप्रमाणे बदलतो, थोडक्या ग्रॅमने मासा खालच्या प्रतीत गेला की नाखव्याचं नुकसान. पण ज्या काट्यावर जीव ठरतो, तो खासगी गाडीतला वेगाचा काटा शोरूममधून बाहेर पडला की पहिली पंधरा वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

आता काटा जास्त का दाखवतो ते. हे मला चुकून झालेलं वाटायचं, पण तो चक्क नियम आहे. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा वाहन नियम जगातल्या बऱ्याच देशांतले गाडी बनवणारे पाळतात. त्यात दोन अटी आहेत. काट्याने दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीच कमी असता कामा नये. आणि जास्त असेल तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर, याच्यापुढे जाता कामा नये. म्हणजे खरा वेग ८० असेल तर काटा ८० पासून ९२ पर्यंत काहीही दाखवू शकतो. खरा १०० असेल तर ११४ पर्यंत. पण ९९ दाखवला तर गाडी नापास. आपल्याकडे वेगमापकासाठी मोटार वाहन नियमांत वेगळा नियम आहे, आणि गाडीचं नवं मॉडेल बाजारात येण्याआधी तपासणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, १९६६ पासून पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगावर आहे. मी त्या टेकडीवर कितीदा तरी फिरायला गेलोय. खाली काय चालतं याचा विचार एकदाही केला नव्हता.

आता तुम्ही गाडी बनवणारे आहात असं समजा. टायर नवा असताना त्याचा घेर मोठा, झिजला की लहान. हवा कमी-जास्त, ओझं कमी-जास्त, सगळ्याने घेर बदलतो. एका साध्या छोट्या गाडीचा १५५/८० आर १३ टायर घ्या. नव्या टायरचा व्यास साधारण ५७८ मिलिमीटर. नक्षी सहा मिलिमीटर झिजली की व्यास १२ ने घटतो, म्हणजे दोन टक्क्यांचा फरक नुसत्या झिजण्यातून. कुठल्याही परिस्थितीत काट्याने कमी दाखवायचं नाही, असं तुम्हाला सांगितलंय. तुम्ही काय कराल? काटा आधीच तीन-चार टक्के पुढे ठेवून द्याल. मीही हेच केलं असतं. आमच्याकडे याला ‘सेफ्टी मार्जिन’ म्हणतात आणि ते बहुतेक वेळा कुठल्या तरी फाइलमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं, शेजारी कॉमेंटसुद्धा नसते.

हल्लीच्या गाड्यांत तर केबल-चुंबक काही नाही. एबीएसचे सेन्सर चाकाचे फेरे मोजतात, कम्प्युटर त्यांना घेराने गुणतो आणि काट्याला किंवा स्क्रीनला आकडा पाठवतो. त्याच फेऱ्यांतून किती किलोमीटर झाले तेही मोजलं जातं. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ८० च्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर सतत पिकपिक करणारी जी सूचना आली, तीही गाडीच्या याच हिशोबावर चालते.

इथपर्यंत वाचून झाल्यावर माझी तक्रार आणखी पक्की झाली. नियमच सांगतो की काटा कमी दाखवणार नाही. म्हणजे माझा खरा वेग १०५ किंवा त्याहून कमीच. बाय डिझाइन! कॅमेऱ्याने बरोबर १०५ पकडला म्हणजे माझ्या गाडीच्या काट्यात जराही मार्जिन नाही, आणि असं होणं जवळपास अशक्य. हे वाक्य मी टाइपही केलं. मग वाटलं, एकदा मोजून घेऊ. ही बुद्धी कुठून आली ते माहीत आहे. ती आजोबांकडून आली.

आजोबा तांडेल होते. सातपाटीचा मचवा मासेमारीच्या पुस्तकांत नावाने ओळखला जातो, आजोबांनी त्यावर शीड आणि इंजिन दोन्ही पाहिलं. त्यांच्या काळात बोटीवर वेग दाखवणारा काटा नव्हताच. इंजिनाच्या आवाजावरून, नाळेवर फुटणाऱ्या पाण्यावरून, किनाऱ्यावरच्या खुणा किती वेळात सरकतात त्यावरून ते वेग सांगायचे. मला मुलगा असताना हे सगळं अंदाजपंचे वाटायचं. आता वाटतं की जगभरच्या दर्यावर्द्यांनी शेकडो वर्षं हेच केलं, फक्त आकडे लावून. विल्यम बॉर्न या इंग्रजाने १५७४ मध्ये पद्धत लिहून ठेवलीय: लाकडाची फळी दोरीला बांधून मागे पाण्यात सोडायची. फळी पाण्यात जागच्या जागी राहते, जहाज पुढे जातं, दोरी हातातून सुटत जाते. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी गेल्या ते मोजायचं. पुढे हे अंतर ४७ फूट ३ इंच आणि घड्याळ २८ सेकंदांचं असं ठरलं. हिशोब करून बघा, एक गाठ म्हणजे बरोबर तासाला एक सागरी मैल, १८५२ मीटर. इंग्रजीत गाठीला नॉट म्हणतात. आजही जहाजाचा आणि विमानाचा वेग गाठींतच मोजतात.

पण या गाठींच्या वेगात एक मोठी फसवणूक आहे आणि ती आजोबांना कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत होती. फळी पाण्यात स्थिर आहे, पण पाणी कुठे स्थिर आहे? आमचा किनारा उत्तरेकडे खंबातच्या आखाताकडे जातो तसा भरती-सुकतीचा ओढ वाढत जातो. समजा बोट पाण्यातून सहा गाठींनी चाललीय आणि समोरून दोन गाठींचा ओढ आहे, तर जमिनीच्या हिशोबाने तुम्ही चारच गाठींनी सरकताय. ओढ मागून असेल तर आठने. बोटीवर बसलेल्याला दोन्ही वेळा अगदी सारखंच वाटतं, तोच आवाज, तेच पाणी. सातपाटीच्या खाडीच्या तोंडाशी गाळ आहे, भरतीचं पाणी असेल तेव्हाच बोट आत येते. उशीर झाला की पुढच्या भरतीपर्यंत बाहेर थांबायचं, बर्फ वितळतोय आणि खणात पापलेट. म्हणून आजोबा कुणी ‘किती वेग आहे?’ विचारलं की उलट विचारायचे, ‘पाण्यावर की जमिनीवर?’

बाबांच्या बोटीवर जीपीएस आला. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, त्यामुळे साध्या यंत्रालाही जागा शंभरेक मीटरऐवजी दहा-पंधरा मीटरच्या आत कळायला लागली. जीपीएस वेगही सांगतो, आणि तो बहुतेक यंत्रं दोन जागांमधलं अंतर भागिले वेळ असा काढत नाहीत. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची वारंवारता तुमच्या हालचालीने किंचित बदलते, त्यावरून वेग काढतात. लांबून शिट्टी वाजवत येणारी एखादी मेल पालघर स्टेशनातून न थांबता गेली की शिट्टीचा सूर उतरतो ना, तोच प्रकार. उघड्या आकाशाखाली, एकसारख्या चालीत, हा वेग ताशी एखाद्या किलोमीटरच्या आत बरोबर येतो. बोगद्यात मात्र काही खरं नाही, भाताण किंवा कामशेतच्या बोगद्यात फोनवरचा वेग बघून कुणी काही ठरवू नये. महत्त्वाचं म्हणजे हा वेग जमिनीवरचा आहे. त्याला टायर नाही, पाणी नाही, स्प्रिंग नाही.

गणपतीला घरी गेलो तेव्हा बाबांचं ते बोटीवरचं छोटं यंत्र मागितलं. ‘रस्त्यावर कशाला?’ म्हणाले. चलनाचं मी घरी सांगितलं नव्हतं.

रविवारी पहाटे मी, चुलतभाऊ आणि दोन गाड्या. एक आमची जीप, दुसरी त्याची छोटी हॅचबॅक, कंपनीने दिली तशीच, काही न बदललेली. मनोरच्या पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर ट्रक कमी असताना किलोमीटरचे दगड धरून मोजायचं ठरलं. पद्धत जुनीच: काटा ८० वर धरायचा, एका दगडाला स्टॉपवॉच सुरू, दहाव्या दगडाला बंद, मोजणारा वेगळा आणि चालवणारा वेगळा. ताशी ८० ने दहा किलोमीटरला साडेसात मिनिटं लागायला हवीत. (रेल्वेत ही गंमत कानाने करता यायची. तेरा मीटरच्या रुळांचे सांधे खटखट वाजायचे तेव्हा ४७ सेकंदांत जितके खटके, तितका ताशी किलोमीटर वेग. आता रूळ जोडून टाकलेत, खटका उरला नाही.)

हॅचबॅकला लागली ७ मिनिटं ५४ सेकंद. म्हणजे खरा वेग ७६. जीपीएसही ७६ म्हणत होता. किलोमीटरचं मीटर मात्र बरोबर दहा पुढे सरकलं होतं. हे बघून मी हसायलाच लागलो. चाकाचे फेरे तेच, घेर तोच, अंतर अगदी खरं आणि वेग पाच टक्के फुगवलेला. म्हणजे गाडीला खरं माहीत आहे. ती फक्त ड्रायव्हरला सांगत नाही.

मग जीप. काटा ८०, वेळ ७ मिनिटं ३१ सेकंद, जीपीएस ८०. पुन्हा केलं. तेच. काटा शंभर टक्के खरा. आणि किलोमीटरच्या मीटरवर दहाऐवजी नऊ पूर्णांक सहा.

भाऊ म्हणाला, ‘तुझी गाडी एक नंबर निघाली.’ मी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून टायरवरचे आकडे वाचत होतो. २३५/७५ आर १५. गाडीच्या दारावरच्या पट्टीवर छापलं होतं २१५/७५ आर १५. व्यास काढला: मूळचा ७०३.५ मिलिमीटर, बसवलेला ७३३.५. सव्वाचार टक्के मोठा. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापत होतं आणि गाडीला त्याचा पत्ता नव्हता. कंपनीने काटा चारेक टक्के पुढे ठेवला, टायरने चार टक्के मागे ओढला, दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि काटा खरा झाला. माझं सगळं गणित काटा खोटा असण्यावर उभं होतं. तो खरा निघाला आणि मी पकडला गेलो.

घरी येऊन बाबांना विचारलं. टायर त्यांनीच घातले होते, तीन वर्षांपूर्वी, बोईसरच्या एका दुकानात. बर्फ आणि जाळी घेऊन पुळणीवर उतरताना गाडी रुतायची म्हणून. दुकानदार म्हणाला होता, थोडे मोठे आहेत, काही फरक पडत नाही. खरं सांगायचं तर बहुतेकांना पडतही नाही. रुतणं बंद झालं. चलन मी मुकाट्याने भरलं.

इथे गोष्ट संपली असती, पण त्या सकाळी परतायच्या आधी आम्ही चारोटीपर्यंत गेलो होतो, सूर्या नदीच्या पुलापर्यंत. त्या पुलाजवळ गेलं की आमच्या जिल्ह्यातला कुणीही आपसूक कठड्याकडे बघतो. ४ सप्टेंबर २०२२ ला दुपारी तिथे गाडी धडकून सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागच्या सीटवर बसलेला एक सहप्रवासी, असे दोघे गेले. दोघांनी सीटबेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. देशभर त्यानंतर मागच्या सीटबेल्टची चर्चा झाली. मला या वाचनात भेटली ती वेगाची गोष्ट.

त्या गाडीचा वेग पेपरांत दोनदा छापून आला आणि दोन्ही वेळा वेगळा. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत पोलिसांच्या हवाल्याने होतं: आधीच्या नाक्यावरच्या कॅमेऱ्यात दिसल्यापासून गाडीने २० किलोमीटर ९ मिनिटांत कापले. भागाकार करा, ताशी १३३. नंतर गाडीच्या कंपनीने गाडीतल्या चिपवरची नोंद वाचून पोलिसांना अहवाल दिला. धडकेच्या पाच सेकंद आधी वेग १००, मग ब्रेक, धडकताना ८९. तेव्हा आमच्या ऑफिसमध्ये यावर बराच वाद झाला होता, कोण खोटं बोलतंय म्हणून. मला आता वाटतं, कुणीच बोलत नसेल. एक सरासरी आहे, दुसरा त्या क्षणाचा. बोटीवरच्या दोन वेगांसारखं, प्रश्नच वेगळे आहेत. शिवाय मिनिटांत मोजलेल्या वेळेत दोन्ही टोकांना अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची चूक सहज असते. ९ ऐवजी १० मिनिटं धरली तर १२० येतात, ८ धरली तर १५०. ज्या आकड्यावर लोक एखाद्याला दोषी ठरवून मोकळे होतात, त्यात ताशी तीस किलोमीटरची फट आहे.

तरी ८९ हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. शंभरच्या जागी १०५ म्हणजे पाच टक्के जास्त वेग, पण दहा टक्के जास्त ऊर्जा. ११० म्हणजे एकवीस टक्के. आपण सगळे हायवेवर जी चार-पाच टक्के ‘आपल्या हक्काची’ समजून वापरून टाकतो, ती ज्यांनी ठेवली त्यांनी आपल्यासाठी ठेवली नव्हती. ती झिजलेल्या टायरसाठी होती. मी ती वापरली आणि गाडीच्या टायरनेही वापरली, दोघांनी एकाच खात्यातून पैसे काढले.

पुलाच्या कडेला थांबायला जागा नाही, थांबूही नये. आम्ही पुढे जाऊन वळलो आणि परत निघालो. येताना भाऊ हॅचबॅक चालवत होता. त्याचा काटा ८४ वर होता. मी काही बोललो नाही, कारण खरा वेग ८० च होता.

आता जीप विकायची आहे. बाबांनी दिवाळीनंतर गिऱ्हाईक आणलं, केळव्याकडचा एक ओळखीचा माणूस. सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात मीटर मागे घेणं हा उघड धंदा आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाने पहिला प्रश्न तोच विचारला: मीटर खरं आहे ना? बाबा म्हणाले, खरं आहे. मी आतून बाहेर आलो. टायर बदलले तेव्हा ७१ हजारांवर होतं, आता साडेअठ्ठ्याऐंशी हजार. मधल्या साडेसतरा हजारांत गाडी साडेसातशे किलोमीटर जास्त चाललीय. कुणी हात लावला नाही, टायरने आपोआप मागे घेतलं. मी हे सगळं त्या माणसाला सांगितलं, पाटीवर गणित मांडून. तो शांतपणे ऐकत होता. मग बाबांकडे बघून म्हणाला, ‘मुलगा काय करतो?’

बाबांनी किमतीतून दोन हजार कमी केले आणि जुने टायर गोठ्यात पडले होते ते त्याला दाखवले. त्याने ते नाकारले. त्याचंही घर पुळणीजवळच आहे.

काट्याच्या शेजारी, डॅशबोर्डवर, मी एक पांढरी पट्टी चिकटवून दिलीय: ‘वेग खरा आहे. १०० म्हणजे १००.’